अख्खं कोशेर पाककृती-पुस्तक करायला घेतलंय. वेळ कुठून आणता?

नारळीपाक:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. लग्नानंतर इस्राएलमध्ये अश्दोदला आले. दोघंही नोकरी करतो, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. ऑफिसातली एक मैत्रीण अमेरिकेतून येऊन इथे स्थायिक झालीये. तिने वाढदिवसाला कोशेर पाककृतींचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. दीडशेच्या आसपास पाककृती, जवळजवळ सगळ्या अश्केनाझी, म्हणजे पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू घरांतल्या. मी घरात जाहीर करून टाकलंय की यातलं सगळं करायचं. एकही पान सोडायचं नाही.

कारण विचाराल तर हौस कमी, वैताग जास्त. दुपारी मुलांना आणायला निघालं की "आज काय करू" सुरू होतं, आणि उत्तर कायम तेच: वरणभात नाहीतर पास्ता. म्हटलं, आता पुस्तकच ठरवू दे.

ज्यांना कोशेरची, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांची, माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मांस आणि दूध एका जेवणात नाही, एका भांड्यात नाही. मांस खाल्ल्यावर आमच्याकडे सहा तास दूध नाही. काही समाजांत तीन तास पाळतात, डच ज्यूंकडे एकच. अंडी, भाज्या, धान्य, मासे हे ना मांसाचे ना दुधाचे, त्यांना पार्वे म्हणतात. आमच्याकडे मांसाच्या भांड्यांना लाल खूण आहे, दुधाच्यांना निळी.

आता प्रश्न. १) आठवड्याची आखणी कशी करता? २) पाककृतीत मिरची-कोथिंबीर घातली तर ती "केली" असं धरायचं का? ३) मुलं खात नाहीत ते कोणी खायचं?

बंड्या_बदलापूरकर:
तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. नवऱ्याने. आमच्याकडे हीच पद्धत आहे आणि मी पद्धतीचा बळी आहे.

सईबाई:
वा, मस्त विषय! वाचनखूण साठवली. मी एकदा एका दिवाळी अंकातल्या सगळ्या पाककृती करायच्या असं ठरवलं होतं. चकलीपाशी थांबले. पुढील लेखनाला शुभेच्छा.

प्राजक्ता_एडिसन:
इथे न्यू जर्सीत आमच्या आजूबाजूला ज्यू वस्ती खूप आहे, त्यामुळे पाकिटांवरची कोशेरची चिन्हं ओळखीची. वर्तुळात यू असं ओयूचं (कोशेरचं प्रमाणपत्र देणारी संस्था) चिन्ह दिसलं आणि शेजारी पार्वे लिहिलं असलं की आम्ही डोळे झाकून घेतो, शाकाहारीच असतं. सासूबाई भारतातून आल्या की त्यांना हेच शिकवते.

अन्नतंत्र:
प्राजक्ता, थांबा! डोळे उघडा. पार्वे म्हणजे शाकाहारी नव्हे. वर धागाकर्तीने लिहिलंय बघा, अंडी आणि मासेसुद्धा पार्वेच. माशापासून केलेलं जिलेटिन कोशेर असू शकतं आणि ते मार्शमॅलोत, दह्यात कुठेही सापडेल. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, तिथे ओयूच्या शेजारी फिश असंही छापतात, कारण मासे आणि मांस एकत्र शिजवायचं नाही असा रिवाज आहे. डी असेल तर दुधाचं किंवा दुधाच्या यंत्रावर केलेलं. सासूबाई कट्टर असतील तर घटक पदार्थ वाचायला पर्याय नाही.

हां, एका बाबतीत उपयोग खरा आहे. दुधाची ॲलर्जी असलेली मुलं ज्या घरात आहेत तिथे पार्वे बघून पहिली चाळणी लावता येते. पण शेवटचा निर्णय ॲलर्जीची सूचना वाचूनच.

प्राजक्ता_एडिसन:
अरे देवा. सासूबाईंना हा धागा दाखवणार नाही.

दोन_पिल्लं:
जुळ्यांची आई बोलतेय, तेव्हा पहिल्या प्रश्नाला हात घालते. पानाच्या क्रमाने जाऊ नकोस, फसशील. अनुक्रमणिकेची झेरॉक्स काढून फ्रिजवर लाव. प्रत्येक पाककृतीपुढे रंग दे: वीस मिनिटांत होणारं, आदल्या रात्री करून ठेवता येणारं, आणि "सुट्टीच्या दिवशी, मुलं बाहेर असताना". मग आठवड्याला दोन पहिल्या रंगातल्या आणि एक दुसऱ्या. तिसरा रंग महिन्यात एकदा.

कांदा एकदम किलोभर परतून डबीडबीत गोठव. हे अश्केनाझी पदार्थ मला फारसे माहीत नाहीत, पण सुरुवात कांद्यानेच होत असणार, पैज.

नारळीपाक:
पैज जिंकलीस! कांदा आणि तेल. जुन्या पद्धतीत तेलाऐवजी कोंबडीची वितळवलेली चरबी, श्माल्त्स. आणि कांदा पार्वे पातेल्यात परतला की तो मांसाच्या पदार्थातही जातो आणि दुधाच्याही, म्हणजे डबे वेगळे करायला नकोत. झेरॉक्स उद्याच काढते.

कुरकुरे:
माफ करा, पण हे सगळं "प्रकल्प" करायचं फॅड काय आहे? आमच्या आईने आयुष्यभर रोज दोन वेळचं केलं, तिने कधी रंग दिले नाहीत की जाहीर केलं नाही. पुस्तक संपवलं म्हणजे स्वयंपाक आला असं होत नाही. शिवाय ते लोकांचं अन्न. चार वर्षांच्या मुलाला घरचा आमटीभात द्या, तो सुखी होईल.

बंड्या_बदलापूरकर:
कुरकुरे, आईंनी जाहीर केलं नाही कारण ऐकायला कोणी नव्हतं. आपण सगळे पाट मांडून बसलेलो. (हलकं घ्या.)

रास्तापेठी:
पुण्याहून एक म्हातारा बेने इस्राएल लिहितोय. धागाकर्ती मुली, अभिनंदन. पण कुरकुरे यांच्या शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे.

आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं, पुस्तक कुठलं! पण स्वयंपाक काटेकोर. बकरा आमचा हज्जान, म्हणजे सिनेगॉगमधला प्रार्थना चालवणारा, शेहिता (नियमाप्रमाणे कापणं) करून द्यायचा. मग मांस अर्धा तास पाण्यात, नंतर जाडं मीठ चोळून तासभर तिरक्या सुपात, रक्तपाणी खाली निथळायला. मग तीन पाण्यांनी धुवायचं. पाठीमागच्या पायांचं मांस घ्यायचं नाही, कारण त्यात मांडीची शीर असते, ती उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाच्या गोष्टीमुळे वर्ज्य. आणि रश्शात कायम नारळाचं दूध. गाईम्हशीच्या दुधाची गरजच पडली नाही कधी. कोकणातल्या माणसाला कोशेर पाळणं पोलंडातल्या माणसापेक्षा कितीतरी सोपं गेलं असणार, असं मला नेहमी वाटतं. तिकडे बिचारे मांसाबरोबर मलई नको म्हणून काय काय युक्त्या करत होते. सोळाव्या शतकातले पोलंडमधले रब्बी मोशे इस्सर्लेस सांगून गेलेत की बदामाच्या दुधात मांस शिजवलं तर ताटात बाजूला चार बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला संशय नको. आमच्या अलिबागेत कोण संशय घेणार? अंगणात माड उभाच.

मुद्दा असा. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा, किद्दुशला (शबाथ-सणाच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेला) मनुकांचं सरबत, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा, बिरड्याच्या सणाला केळीच्या पानावर बिरडं. हे कोणत्या पुस्तकात आहे? तू दुसऱ्यांच्या दीडशे पाककृती करशील आणि आपल्या वीस तुझ्या मुलीला येणार नाहीत.

नारळीपाक:
काका, शालोम. तुमचं पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पण मला नाही पटलं, रागावू नका.

आपलं मला येतं. सासूबाई दिमोनाला असतात, दर सणाला त्या येतात किंवा आम्ही जातो, चिकाचा हलवा त्यांच्या हाताखाली घोटून घोटून माझा उजवा दंड जाड झालाय. मुलगी मलिद्याचे पोहे भिजवते, खोबरं, साखर, वेलची तीच कालवते. ते घरात आहे. दुसरं जे आहे ते माझ्या मुलांच्या वर्गात आहे. मुलगी मैत्रिणीकडे शबाथला, आमच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, जेवायला जाते, तिथे चोलंट असतं, कुगेल असतं. ती येऊन विचारते, "आई, आपण का नाही करत?" मला ते नीट करता यायला हवंय. आणि लोकांचं अन्न म्हणाल तर ठाण्यात आम्ही शेजारच्या काकूंकडची पुरणपोळी खाऊनच मोठे झालो ना?

रास्तापेठी:
पुरणपोळीचं मान्य. दंडाचंही मान्य. पण एक कर, बाळ. त्या पुस्तकाची शेवटची कोरी पानं असतील, त्यावर सासूबाईंचा हलवा लिहून ठेव. मापासकट.

दोन_पिल्लं:
चिकाचा हलवा म्हणजे नक्की काय? खरवसाचा चीक का?

रास्तापेठी:
नाही, दुधाचा नाही. गव्हाचा चीक. गहू भिजवून, वाटून, पिळून जे सत्त्व निघतं ते. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून मंद आचेवर तासन्‌तास हलवायचं, घट्ट झालं की ताटात थापून वड्या. वर बदाम-पिस्ते. दूध-तूप नसल्यामुळे मटणाच्या जेवणानंतर लगेच चालतो, सहा तास वाट बघायला नको.

ताळगावकर:
गोव्यातून एक भाबडा प्रश्न. कोकणात राहून तिसऱ्या नाहीत, कोळंबी नाही, कुर्ल्या नाहीत? कसे जगलात?

रास्तापेठी:
पापलेट खाऊन! खवलं आणि पर असलेला मासा चालतो. पापलेट, रावस, बांगडा, सुरमई, सगळं चालतं. मुशी नाही, वाम नाही, शिंपल्यातलं काही नाही. तिसऱ्यांचा वास मात्र शेजारून यायचा. वासाला नियम नाही.

कोथरूडची_कैरी:
अवांतर: "कोशेर मीठ" म्हणून जे मिळतं ते काय असतं? मिठात कसलं आलंय मांस-दूध?

अन्नतंत्र:
तेच, काकांच्या सुपातलं जाडं मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून मांसात मुरतं, जाडं वर राहून पाणी ओढतं. अमेरिकन पुस्तकात एक चमचा कोशेर मीठ लिहिलं असेल आणि तुम्ही घरातलं बारीक घातलं तर पदार्थ खारट ढाण होईल. त्या मिठाचे खडे पोकळ, पत्रीसारखे, चमच्यात कमी वजन मावतं. काही ब्रँडचं तर जवळपास निम्मं. वजनावर करा किंवा अर्ध्याने सुरुवात करा.

शिवाय त्या पुस्तकात भट्टीचं तापमान फॅरनहाइटमध्ये असणार. ३५० म्हणजे १७५ सेल्सियसच्या आसपास, हे एक लक्षात ठेवलं तरी निम्मं पुस्तक निभावतं.

नारळीपाक:
अन्नतंत्र, मिठाची टीप पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवली.

थोडी प्रगती सांगते. सूपचं प्रकरण झालं. माझी सगळ्यात मोठी काळजी होती की स्वयंपाक करताना मुलांचं काय करायचं. तर मुलीला "तपासनीस" नेमलंय. कोशेरमध्ये अंड्यात रक्ताचा ठिपका असेल तर ते अंडं बाद, म्हणून प्रत्येक अंडं आधी काचेच्या पेल्यात फोडायचं, बघायचं, मग भांड्यात ओतायचं. ती स्टुलावर उभी राहते, पेला खिडकीकडे धरते, एक डोळा मिटते आणि "चालेल!" म्हणून ओरडते. एखाद्या अंड्यावर शंका आली की धाकट्याला बोलावून घेते. तो कायम "नाही चालणार" म्हणतो, कारण त्याला अंडं सिंकमध्ये ओतायची हौस. पालेभाजी आणि फ्लॉवरमध्ये किडे बघायचं कामही तिचंच, पानं पाण्यात बुडवून दिव्यासमोर धरायची. हे काम खरंच करावं लागतं, मुलांना गुंतवायला काढलेलं खोटं काम नाही, म्हणून ती मनापासून करते. आणि पंधरा मिनिटं टीव्ही नाही.

कुरकुरे:
हे आवडलं. कधी नव्हे ते लिहितोय.

सईबाई:
कुरकुरेंना आवडलं!! स्क्रीनशॉट घ्या कोणीतरी.

खादाडखाऊ:
कुगेलबद्दल वाचून गुगललं. गोड शेवया, अंडी, दूध, मनुका, वर दालचिनी, भट्टीत भाजलेल्या. म्हणजे शेवयांची खीर करताना पाहुणे आले, बाई बोलत बसली आणि खीर आळून तिच्या वड्या पडल्या.

नारळीपाक:
माझ्या अमेरिकन मैत्रिणीला हे भाषांतर करून सांगितलं तर मैत्री तुटेल. पण आमच्या घरात सगळ्यात हिट कुगेलच! बटाट्याचा खारा प्रकारही असतो, तो मांसाबरोबर चालतो.

चोलंटचंही सांगायचं राहिलं. शबाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, चूल पेटवायची नाही, शिजवायचं नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच मांस, राजमा, बार्ली, बटाटे, सालासकट अंडी एका पातेल्यात घालून प्लातावर, म्हणजे विजेच्या तापत्या पत्र्यावर, ठेवून द्यायचं. शनिवारी दुपारी जेवायचं. थंडीत इथे शबाथ सव्वाचारच्या सुमारास लागतो, म्हणजे शुक्रवारचा दिवस नुसता धावतो. पण नोकरदार आईसाठी यासारखा पदार्थ नाही. ढवळायचं नाही, बघायचं नाही, हात लावायलाच बंदी! सकाळी उठल्यावर घरभर वास, आणि स्वयंपाक झालेला.

दोन_पिल्लं:
धर्मानेच हात लावायला बंदी?! मला आत्ताच्या आत्ता हा धर्म हवाय.

कोथरूडची_कैरी:
दोन_पिल्लं, आधी तिची शुक्रवार दुपार बघ. मग अर्ज कर.

ताळगावकर:
गेफिल्टे फिश झालं का? ते म्हणे गोड असतं. माशात साखर? आमच्याकडे यावरून लग्नं मोडतील.

नारळीपाक:
झालं. कार्प मासा दळून, अंडं आणि मात्झाचा (न फुगवलेल्या गव्हाच्या कडक पोळीचा) चुरा घालून गोळे, ते माश्याच्या पाण्यात उकळायचे, थंड करून वर गाजराची एक चकती. पोलंडकडचे गोड करतात, लिथुएनियाकडचे मिरपूड घालून तिखट. पुस्तक पोलंडवाल्यांचं. दळायचं कारण छान आहे: शबाथला खाण्यातून नको ते निवडून बाजूला काढायचं नसतं, काटेही त्यात आले. म्हणून काटे आदल्या दिवशीच काढून मोकळे.

मुलीने चकती खाल्ली. मुलाने चकतीसुद्धा नाही. नवऱ्याने खाल्लं आणि बंड्या यांची आठवण काढली.

बंड्या_बदलापूरकर:
भाऊंना माझा नमस्कार सांगा. संघटना काढूया.

रास्तापेठी:
पुढच्या वेळी त्याच गोळ्यांना आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर लावून थोड्या तेलात तळ. मग सांग मुलं खातात की नाही.

अन्नतंत्र:
काका, मग ती पुस्तकातली पाककृती राहिली कुठे? प्रश्न क्रमांक दोन अजून लटकलेला आहे, बरं का. माझं मत: बदल केला तर "केली" धरू नये. निदान एकदा लेखकाने लिहिलंय तसं व्हायलाच हवं, नाहीतर पुस्तक कशाला?

सईबाई:
मी विरुद्ध. घरच्यांनी खाल्लं म्हणजे झालं. मिरची घालून का होईना.

खादाडखाऊ:
मिरचीला मत.

कुरकुरे:
अन्नतंत्रांशी सहमत. दुसऱ्याचं अन्न करायचंच ठरवलंय तर ते त्याच्या चवीने करा. आपल्या फोडणीत सगळं बुडवायचं तर नवीन काय शिकलात?

नारळीपाक:
कुरकुरे, तुम्ही सुरुवातीला काय म्हणत होता आणि आता काय! पण मीही याच मताला आलेय. पहिल्यांदा जसंच्या तसं. आवडलं नाही तर दुसऱ्यांदा आपल्या पद्धतीने, पण खूण पहिल्याच वेळी. ब्रिस्केटने मला हे शिकवलं. गाईच्या छातीचा भाग, इथे खाटकाकडे मांसाच्या तुकड्यांना नंबर असतात, हा तीन नंबर. कांद्याच्या ढिगावर ठेवून मंद भट्टीत तीन-चार तास. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी, लसूण, पाप्रिका, बस. गरम मसाल्याची डबी हातात घेऊन उभी होते, परत ठेवली. इतका गोड कांदा आणि इतकं मऊ मांस मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. गरम मसाला घातला असता तर ते कळलंच नसतं.

आता एक अडचण. पेसाखचं, म्हणजे वसंतातल्या आठवडाभराच्या सणाचं, प्रकरण आलं. मात्झा सोडून गहू-बार्ली वगैरे नाही हे आपल्याकडेही तसंच, पण पुस्तकात तांदूळ आणि डाळीही नाहीत, अश्केनाझी रिवाज. सगळे केक बटाट्याच्या स्टार्चचे आणि मात्झाच्या पिठाचे. ते पेसाखमध्येच करू की आधी उरकून घेऊ? आठवडाभर भांडी वेगळी, भट्टी शुद्ध केलेली, त्यात हे चौदा-पंधरा पदार्थ म्हणजे जीव जाईल.

रास्तापेठी:
आधी उरकलेस तर त्याला पेसाखची चव येणार नाही. पण तू नोकरी करतेस, देव समजून घेईल. आधी कर सोपे केक, पेसाखमध्ये दोन-तीनच. आणि आपला भात सोडू नकोस. आमच्याकडे तांदूळ तीनदा निवडायचे, दाणान्‌दाणा, गव्हाचा कण येऊ नये म्हणून. तपासनीस आहेच तुझ्याकडे.

प्राजक्ता_एडिसन:
इथे अमेरिकेत ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने २०१५ मध्ये तांदूळ-डाळी चालतील असं ठरवलं, शेजारीण सांगत होती. तिच्या आईने मात्र अजून मान्य केलेलं नाही.

दोन_पिल्लं:
आया सगळीकडे सारख्याच. नारळीपाक, झेरॉक्सचा फोटो टाक ना, रंग कितपत भरले बघायचंय.

नारळीपाक:
टाकते. निळी पेन्सिल संपत आलीये, "सुट्टीच्या दिवशी" चा रंग मात्र कोराच आहे. बाब्का (गोड ब्रेड), रुगेलाख (छोटे गोड रोल), यीस्टचे सगळे प्रकार तिथे अडकलेत.

कोथरूडची_कैरी:
बाब्काचं पीठ रात्री मळून फ्रिजमध्ये टाक, सकाळी बाहेर काढ. थंडीत हळू फुगतं आणि चवही चांगली येते. सुट्टी लागत नाही. पीठ खूप असेल तर तुमच्यात थोडा गोळा काढून ठेवायचा असतो ना?

नारळीपाक:
हो, त्या गोळ्याला हल्ला म्हणतात, तो काढायचा. साधारण सव्वा किलोच्या वर पीठ असलं तर काढायचाच, आणखी जास्त असलं तर आशीर्वादाची प्रार्थना म्हणत काढायचा. एका बाब्काला इतकं लागत नाही, त्यामुळे सुटले. फ्रिजची युक्ती या गुरुवारी करून बघते.

बंड्या_बदलापूरकर:
सगळं वाचून भूक लागली. उरलेला कुगेल बदलापूरला पाठवता का?

नारळीपाक:
दुधाचा पाठवू की बिनदुधाचा? घरी आज मटण आहे का ते आधी सांगा.